मिरीएवढं भोक

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. माझ्या मावशीच्या घरात ती घडली, आणि मावशी थापा मारणाऱ्यातली नाही. ती खोटं बोलली की तिचे कान लाल होतात, हे आमच्या सगळ्या घराला ठाऊक आहे.

आणखी एक. भुतं रात्रीच येतात अशी तुमची समजूत असेल, तर ती आत्ताच बाजूला ठेवा.

हे सगळं दुपारी झालं. अडीच वाजता. लख्ख उन्हात.

मावशीने अकरा वर्षं चामड्याच्या कारखान्यात शिलाई केली. तिथे एक चेकर होता. शिवलेला माल तपासायचा, आणि पसंत पडला नाही की चिमटा घेऊन त्यात मिरीच्या दाण्याएवढं गोल भोक पाडायचा. म्हणजे नापास. चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही, त्यामुळे तो माल पुन्हा कुणी गुपचूप चांगल्या ढिगात सरकवू शकत नाही. पद्धत चांगली आहे. माणूस वाईट होता. त्याच्यापुढे हांजी हांजी करणाऱ्यांचा माल पास व्हायचा. मावशीला ते कधी जमलं नाही. एका दिवशी त्याने तिच्या एकोणीस चांगल्या बॅगांना भोकं पाडली.

मावशीने कात्री त्याच्या टेबलावर आपटली आणि घरी आली.

"आता माझ्या मालाला भोक पाडायचा हक्क माझा एकटीचा," ती काकांना म्हणाली.

"आणि जेवायचं काय?" काका म्हणाले. काकांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

महिनाभराने झाडं छाटणाऱ्या टोळीचा मुकादम तिला शोधत आला. त्याला बारा कमरपट्टे हवे होते. ते बांधून माणसं झाडावर चढतात, दोन्ही हात सोडतात आणि पट्ट्यावर भार टाकून करवत चालवतात. पट्टे चांगले निघाले तर त्याच्या सगळ्या टोळ्यांचं काम कायमचं मिळणार होतं. नाही निघाले तर... काकांनी साफ सांगितलं होतं. मशीन विकायचं आणि मान खाली घालून कारखान्यात परत जायचं. त्याच चेकरपुढे.

असले पट्टे घरच्या मशीनवर शिवून होत नाहीत. त्याला जाड चामड्याचं मोठं मशीन लागतं. मावशीने ते जुनं मिळवलं. कुठल्याशा म्हाताऱ्या कारागिराचं होतं. तो वारला होता आणि सुनेला खोली रिकामी हवी होती.

मशीन एका मंगळवारी आलं. टेम्पोत आडवं टाकून आणलेलं. चौघांना घाम फुटला. काकांनी त्याचं नाव रेडा ठेवलं.

मागच्या खोलीत खिडकीला लागून टेबल मांडलं. रेडा वर चढवला, खाली मोटार बसवली, मोटारीचा पट्टा ओढून ताणला, जिथे जिथे भोक दिसलं तिथे तेल घातलं. काळंकुट्ट तेल गळून संपेपर्यंत मावशी हातचाक फिरवत बसली होती. एकच गोष्ट विचित्र होती. पायडलची साखळी अगदी डावीकडे, टोकाला बांधलेली होती. उजव्या पायाने मशीन चालवायचं म्हटलं तर कंबर वाकडी करावी लागे.

मावशीने साखळी सोडली आणि उजवीकडे बांधली.

ओळखीचा मेकॅनिक येऊन पाहून गेला. "ठणठणीत आहे," म्हणाला. चहा प्यायला आणि गेला.

शुक्रवारपर्यंत तीन पट्टे शिवून झाले. वरून टाके एका रेषेत, एका मापाचे. कमरेला टोचू नये म्हणून आतून मऊ अस्तर चिकटवलं. मावशीने ते खिळ्याला टांगले, प्लग काढला, दार लावलं आणि पुढच्या खोलीत जेवायला बसली. जेवण झाल्यावर वीस मिनिटं आडवी झाली. ही तिची अकरा वर्षांची सवय.

डोळा लागणार, एवढ्यात...

खट.

एकदाच. मागच्या खोलीतून.

जाड सुई चामड्यात घुसते तेव्हा येतो तो आवाज. मावशी तो झोपेतही ओळखेल.

ती उठली आणि दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. प्लग जमिनीवर पडला होता. घड्याळात अडीच वाजले होते.

तीन पट्टे खिळ्याला टांगलेले होते. त्यातल्या मधल्याला, बक्कलाच्या जवळ...

भोक.

मिरीएवढं. गोल. स्वच्छ.

मावशी म्हणते, तिला भीती वाटली नाही. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती सरळ काकांवर धावून गेली. काका बिचारे बाहेर सायकलची चेन साफ करत होते.

"माझा चिमटा कुणी घेतला?"

"मी कशाला घेऊ? मला काय त्याने नखं काढायची आहेत?"

चिमटा डब्यात होता. डब्याचं झाकण घट्ट होतं. काकांचे हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे होते, आणि पट्ट्यावर एक डाग नव्हता.

मग मावशीला आणखी एक गोष्ट सुचली. भोक पाडलं की आतली चामड्याची टिकली खाली पडते. तिने खोली झाडली. टेबलाखाली पाहिलं, मशीनखाली पाहिलं.

टिकली कुठेच नव्हती.

आणि पायडलची साखळी... डावीकडे बांधलेली होती.

तिने ती उजवीकडे बांधली. जरा जास्तच जोरात.

शनिवारी दोन पट्टे झाले. अडीच वाजता, खट. एका पट्ट्याला भोक. साखळी डावीकडे.

रविवारी सुट्टी घेतली नाही. दोन पट्टे. अडीच वाजता, खट. एका पट्ट्याला भोक. साखळी डावीकडे.

काका आता गंभीर झाले. "हे बघ, ज्या घरातून आणलंय तिथे नेऊन टाक."

"का म्हणून? मी चोरून आणलंय का?"

"अगं, त्यात काहीतरी आहे."

"असू दे. काही असलं तरी ते माझ्या खोलीत राहतंय. मी त्याच्या नाही."

तरी तिने त्या सुनेला फोन लावला. सुनेने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही साखळी हलवलीत का हो?"

"हलवली. मला उजव्या पायाने चालवायची सवय आहे."

"सासऱ्यांना उजवा पाय नव्हता. तरुणपणी खांबावरून पडले होते. पट्टा तुटला. दुसऱ्या कुणीतरी शिवलेला होता तो. त्यानंतर ते स्वतः शिवायला लागले. आणि कुणाचाही माल हातात आला की तपासायचे. मनाला आला नाही की भोक पाडायचे. पाहुण्यांच्या पाकिटालासुद्धा. फार वाईट दिसायचं ते."

दुसरी कुणी असती तर तिथेच हात टेकले असते. मावशीचं डोकं मात्र आणखी फिरलं. एक चेकर सोडून आले, आणि हा दुसरा मेल्यावरही माझ्या मालावर येऊन बसला! जिवंत असतानाचा चेकर परवडला, निदान तो पाचला घरी तरी जायचा.

सोमवारी ती जेवायला गेलीच नाही. ताट घेऊन मागच्या खोलीत बसली. रेड्यासमोर, स्टुलावर. आदल्या दिवशीच्या दोन पट्ट्यांपैकी भोक नसलेला पट्टा तिने मुद्दाम सुईखाली ठेवला. प्लग काढून वायर स्वतःच्या मांडीवर घेतली.

दोन पंचवीस. बाहेर कुणीतरी बादली भरत होतं.

दोन अठ्ठावीस. बादली भरली. पाणी थांबलं.

मग इतर आवाजही थांबले. रस्त्यावरचे, शेजारचे. काका ओसरीत खोकत होते, तोही आवाज थांबला...

तेलाचा वास आला. जुन्या, करपलेल्या तेलाचा. ते तेल तर तिने मंगळवारीच पुसून काढलं होतं.

आणि हातचाक हललं.

हळूहळू, जणू कुणी तळहाताने फिरवतंय. सुई वर गेली. तिच्या डोळ्यांदेखत साखळी उजव्या कडीतून सुटली आणि डाव्या कडीत जाऊन अडकली. पायडलची डावी बाजू खाली जाऊ लागली.

मावशीने ताट बाजूला ठेवलं. चप्पल काढली. आणि पायडल अडवायला आपला पाय त्यावर टेकवला.

खाली लाकूड लागायला हवं होतं...

तिथे पाय होता.

थंड. एकच. हाडकुळा.

मावशीच्या तोंडून किंकाळी निघाली नाही. शिवी निघाली. ती इथे लिहीत नाही.

"माझ्या खोलीत माझ्या परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही!" ती ओरडली. "कोण रे तू माझा माल नापास करणारा? एकोणीस बॅगा चांगल्या होत्या माझ्या! हे पट्टेही चांगले आहेत. काय खोट आहे ते दाखव, नाहीतर चालता हो!"

सुई वरच थांबली. खाली आलीच नाही.

सुईखालच्या पट्ट्याला काही झालं नाही. पण मागे, खिळ्यावर टांगलेला एक पट्टा आपोआप निसटला आणि खाली पडला. शुक्रवारचा. भोकाचा.

दाखव म्हणालीस ना, घे.

असं कुणी बोललं नाही. पण मावशीला तसंच वाटलं. बाहेर पुन्हा नळ सुरू झाला. काका खोकले.

तिने सुरी घेतली. तिला त्याला खोटं पाडायचं होतं, एवढंच तिच्या मनात होतं. तिने भोकापाशी अस्तर उसवलं आणि खालचे टाके पाहिले.

खालचा दोरा सरळ पडलेला होता. वरच्या दोऱ्यात अडकलेलाच नव्हता. बक्कलापाशी चामड्याचे चार पदर येतात, तिथे दर तीन टाक्यांनंतर एक टाका सुटलेला होता. मावशीने नखाने दोरा उचलला तसा वीतभर सरसर बाहेर आला.

तिने तो दोरा उजेडात धरून पाहिला.

कारखान्यात मशीन लावायचं काम मेकॅनिकचं असतं. शिवणारी येते, बसते आणि शिवते. वरची बाजू सरळ दिसली की अस्तर चिकटवते. अकरा वर्षं मावशीने तेच केलं होतं. घरी आल्यावरही सवयीने तेच केलं. रेडा टेम्पोत आडवा पडून आला तेव्हा त्याच्या सुईचा आणि खालून दोरा पकडणाऱ्या हुकाचा मेळ केसभर सुटला होता. पातळ चामड्यावर ते कळत नव्हतं. जरा जाड तुकडा आला की चार पदरांवर टाका निसटत होता.

तिने सातही पट्टे उसवले. भोकं असलेले तीन सदोष निघाले. भोकं नसलेले चार पक्के होते.

त्या तिघांपैकी एखादा बांधून कुणीतरी झाडावर चढलं असतं. हात सोडले असते.

मावशी तेव्हा रडली. भीतीने नाही, लाजेने. हे ती स्वतःच सांगते.

मग डोळे पुसून तिने बॅटरी तोंडात धरली, मेकॅनिकला फोनवर ठेवलं आणि दोन दिवस त्या हुकाशी झगडली. मेळ स्वतः जुळवला. आता प्रत्येक पट्टा अस्तर लावायच्या आधी ती उलटा करून पाहते. बारा पट्टे झाले. एकालाही भोक पडलं नाही. मुकादमाने तिच्यासमोर पट्टा बांधून स्वतःला अंगणातल्या फांदीला टांगून घेतलं आणि पाय हलवून दाखवले. सगळ्या टोळ्यांचं काम तिला मिळालं.

साखळीचं भांडण मात्र मिटलं नाही. ती रोज सकाळी उजवीकडे बांधते. दुपारी ती डावीकडे असते.

"माल तपास, हरकत नाही," ती रोज त्या रिकाम्या खोलीला सांगते. "पण पाय माझाच राहणार."

काका आता अडीच वाजता फिरायला जातात.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती.

मागच्या महिन्यात मी मावशीकडे गेले होते. ती चामड्याचा एप्रन घालून काम करते, जुना, स्वतः शिवलेला. दुपारी जेवताना तिने तो खिळ्याला टांगला होता. आम्ही पुढच्या खोलीत होतो. गप्पा चालल्या होत्या. आणि...

खट.

मी पहिल्यांदाच ऐकला तो आवाज. आम्ही दोघी उठून गेलो.

एप्रनला भोक होतं. डावीकडे. छातीवर.

मी एप्रन उलटा केला. टाके पाहिले. मावशीनेही पाहिले. सगळे पक्के होते, एक टाका सुटलेला नव्हता. एप्रनमध्ये काही खोट नव्हती.

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने चामड्याचा तुकडा कापला, भोकावर ठेवला आणि तिथल्या तिथे ठिगळ शिवून टाकलं. "म्हाताऱ्या, आज तुझं चुकलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ठिगळाला भोक होतं.

मी तिला ओढून डॉक्टरकडे नेलं. शिव्या खाल्ल्या, पण नेलं. सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टरांनी कागद पाहिले, छातीला नळी लावून ऐकलं आणि हसले.

"ठणठणीत आहेत," म्हणाले.

मावशी विजयी मुद्रेने घरी आली. तिसरं ठिगळ लावलं. तोच एप्रन घालून ती आजही रेड्यावर बसते, साखळी उजवीकडे बांधून.

ठणठणीत आहे, असं मेकॅनिकही म्हणाला होता.

मी तिला रोज दुपारी फोन करते. अडीच वाजता. ती उचलेपर्यंत श्वास रोखून बसते.