एकदा ती, दोनदा आपण

मंगला गौरीच्या देवळाचं दार दुपारी लागलं, की गल्लीतल्या घंटा थांबत आणि आमच्या घरी रेकॉर्डिंग सुरू होई. चार वाजता दार पुन्हा उघडे, तोवरचा वेळ आमचा. सत्त्याण्णवचा मे महिना. खिडक्यांना रजया ठोकलेल्या, पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. मी घामानं निथळत बाहेरच्या खोलीत यंत्रापाशी बसे आणि आतल्या खोलीत माझी मुलगी ईशानी गाई.

तिच्या बँडचं नाव ‘महाश्मशान’. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोन दिवस जेवताना कुणाशी बोललो नव्हतो. कानठळ्या बसवणारी गिटार, ड्रम्सची आदळआपट, त्यावर कीबोर्डमधून काढलेली शे-दीडशे व्हायोलिनं, आणि या सगळ्या गोंधळाच्या डोक्यावर माझ्या मुलीचा उंच, स्वच्छ आवाज. याला सिंफनिक मेटल म्हणतात, असं मुकुलनं मला समजावलं. मुकुल म्हणजे गिटारवाला, आमच्या ओळखीच्या रेल्वेबाबूंचा मुलगा. पहिला अल्बम या पोरांनी साध्या टेपरेकॉर्डरवर उरकला होता आणि तो ऐकवत नव्हता. दुसरा नीट करायचा होता. दिल्लीची एक कंपनी ऐकायला तयार झाली होती, आणि शनिवारच्या गाडीनं मास्टर टेप घेऊन ईशानी आणि मुकुल जाणार होते.

रेडिओत मी तीस वर्षं रेकॉर्डिंग केलं. तिथं मला दिनानाथबाबू म्हणत. किती गवई, किती पंडित मी टेपवर उतरवले. भाषणाच्या मध्यात एक मंत्री शिंकला, तीही शिंक मी सांभाळून ठेवली होती. बायकोचा आवाज मात्र इंचभर टेपवरसुद्धा नाही. शरदिनी म्हणायची, “माझं काय रेकॉर्ड करता? मी काय पळून चाललेय?” तीन वर्षांपूर्वी ती गेली. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

शेवटच्या गाण्यातला कोरस तेवढा राहिला होता. ओळ एकच, मुकुलनं संस्कृतात रचलेली: ‘जले दीपस्तटे छाया’. पाण्यात दिवा, काठावर सावली. लय इतकी सावकाश की आठ अक्षरांना छाती पुरेना. लागोपाठ दोनदा म्हणायची, आणि प्रत्येक वेळी एका श्वासात. ईशानीचा श्वास ‘छाया’च्या आधी तुटायचा. सोमवारी चार वेळा तुटला. टेपवर कोरससाठी एकच ट्रॅक मोकळा होता, त्यामुळे नवा टेक घेतला की आधीचा पुसला जायचा.

चौथा टेक ऐकताना ओळीच्या आधी मला काहीतरी पुसट ऐकू आलं. मी मनात हसलो. टेप रिळावर गुंडाळली की एका थराचा आवाज शेजारच्या थरावर थोडासा उमटतो, आणि गाणं सुरू होण्याआधी त्याचीच फिकट सावली ऐकू येते. आमच्या धंद्यात हे रोजचं. तरी सवयीनं हेडफोन कानावर दाबले.

सावली असती तर ईशानीसारखीच तुटली असती. ही तुटली नाही. एका श्वासात शेवटपर्यंत गेली, आणि शेवटचं अक्षर जरा नाकातून आलं. शरदिनी तसंच म्हणायची.

मी यंत्राचं हेड स्पिरिटनं पुसलं. तारा बदलल्या. शेजारच्यांचा रेडिओ विनंती करून बंद करवला. मंगळवारी पुन्हा तेच. आवाज माइकपासून दोन-अडीच हात मागून येत होता, जमिनीवर बसून म्हटल्यासारखा. आधी तो एकदा, मग ईशानी दोनदा.

ही रीत मला ठाऊक होती. शरदिनीचे वडील वेदपाठी. ते मुलांना संथा देत: गुरू एकदा म्हणणार, शिष्य दोनदा. शरदिनीनं ईशानीला सगळी स्तोत्रं अशीच शिकवली, मटार सोलता सोलता. “एकदा मी, दोनदा तू.” चुकलं की ती पुन्हा सांगे. बरोबर आलं की गप्प राहून पुढची शेंग उचले.

बुधवारी ईशानीनं ओळ दोन्ही वेळा एका श्वासात म्हटली. मी टेप मागे घेऊन ऐकली. ओळीच्या आधी नुसती टेपची सळसळ होती.

“काका, हो गया!” मुकुल उडालाच. “हाच फायनल!”

“नाही,” मी म्हणालो. “मागे करंटची गूं येतेय. पुन्हा घेऊ.”

गूं वगैरे काही नव्हती. माझ्या मुलीचा निर्दोष टेक मी माझ्या हातानं पुसला.

गुरुवारी तिचा श्वास पुन्हा तुटू लागला, आणि प्रत्येक तुटलेल्या ओळीआधी शरदिनी होती. मी “परत” म्हणत राहिलो. दहा वेळा, बारा वेळा. ईशानीचा गळा बसला. ती ज्येष्ठमधाचं पाणी पीत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो. मुकुल मला जिन्यात गाठून म्हणाला, “काका, परवा गाडी आहे. ये मौका गया तो बँड खतम. बाबूजी मला नोकरीला लावून मोकळे होतील.” मला सगळं कळत होतं. तीन वर्षांनी बायको पुन्हा भेटत होती, आणि मला आणखी एकदा हवी होती. नेहमी आणखी एकदाच.

शुक्रवारी मुकुल सामान बांधायला घरी गेला होता. दोन वाजता ईशानी आतून आली आणि माझ्याजवळ जमिनीवर बसली.

“बाबा, बुधवारी करंटची गूं नव्हती ना?”

मी रिळाशी उगाच चाळा करत राहिलो.

“मला पण ऐकू येतं,” ती म्हणाली. “हेडफोनमध्ये नाही. तिथं उभी असले की. पीछे से.”

“कधीपासून?”

“सोमवारपासून. बुधवारी मी बरोबर गायले तर आई बोललीच नाही. म्हणून काल मी जानबूझकर श्वास तोडत होते. तुम्हाला कळलं नाही?”

मला कळलं नव्हतं. तीस वर्षं कान विकून पोट भरलेल्या माणसाला ते कळलं नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला रडू आलं, तिलाही आलं.

मग ती नाक पुसत म्हणाली, “पण बाबा, ती थकली असेल. किती वेळा सांगायचं तिनं?”

ती आत गेली. मी रेकॉर्डचं बटण दाबलं. बसलेल्या गळ्यानं तिनं ओळ दोन्ही वेळा एका श्वासात म्हटली. आधीच्या टेकमधली शरदिनी या टेकखाली कायमची पुसली गेली. मी टेप ऐकली. सळसळ, आणि मग माझी मुलगी.

“फायनल,” मी म्हणालो.

शनिवारी दोघं गेली. ईशानीनं गाडीच्या खिडकीतून मला तीनदा सांगितलं, वेळेवर जेवा.

रविवारी दुपारी देवळाचं दार लागलं, घंटा थांबल्या. घरात मी एकटा. मी नवं, कोरं रीळ चढवलं, यंत्र सुरू केलं आणि आत जाऊन माइकसमोर उभा राहिलो. आयुष्यात मी कधी गायलो नव्हतो. थोडी जागा मोकळी सोडली आणि ओळ म्हटली. श्वास ‘दीप’पाशीच तुटला. खोकला आला. मला स्वतःची लाज वाटली, मी बाहेर येऊन यंत्र बंद केलं.

मग टेप मागे घेतली.

आधी शरदिनी आली. सावकाश, शेवटपर्यंत.

मग मी. तुटलो, खोकलो.

बंद करायला मी हात पुढे केला. मी एकदाच म्हटलं होतं.

टेपवर ओळ दुसऱ्यांदा आली. आवाज माझाच होता. पण तो माइकजवळून नव्हता. दोन-अडीच हात मागून होता, खाली बसून म्हटल्यासारखा, तिच्या शेजारून. कुठेही तुटला नाही.

मी ते पुन्हा ऐकलं. पहिल्या वेळी, ओळीच्या आधी, मी श्वास आत घेतल्याचा आवाज स्पष्ट येतो. दुसऱ्या वेळी येत नाही.