शिंक्यातला नर्गिस

आमची लेक वैजू चंद्रावर बाळंत झाली, ते साल २०६४. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही आमच्याकडची रीत. पण दिवस भरत आलेल्या बाईला चंद्रावरून पृथ्वीवर आणायला तिथले डॉक्टर तयार होईनात. तेव्हा माझी बायको भागीरथी म्हणाली, "लेक माहेरी येत नसंल, तर माहेरानं उठून जावं." मग आम्ही दोघं साठी उलटलेली माणसं डिंकाचे लाडू, बाळंतविडा आणि नर्गिस या फुलझाडाच्या कांद्यांची एक पिशवी घेऊन चंद्रावर गेलो.

नातीचं नाव शाल्मली ठेवलं. बाळाचं बारसं झालं, ते रांगायला लागलं, आणि आम्ही परत निघायची तयारी केली. भागीरथीला तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुम्हाला आता खाली पाठवता येणार नाही." चंद्रावर माणसाचं वजन पृथ्वीवरच्या सहाव्या हिश्श्याइतकंच भरतं. तिथे हृदयाला रक्त वर चढवायला फार कष्ट पडत नाहीत. भागीरथीचं हृदय मुळातच अशक्त होतं, ते त्या आरामाला सवकलं. पृथ्वीवर उतरलं की त्याला एकदम सहापट ओझं झालं असतं. आम्ही तिथेच राहिलो.

आमचं घर पाचगणीजवळच्या डोंगरावर. मी आयुष्यभर तिथल्या एका शाळेच्या बागेत माळीकाम केलं. शाळेतल्या फ्रेनीबाई नावाच्या पारशी मास्तरीणबाईंनी मला पन्नाशीत अक्षरं शिकवली आणि भागीरथीला नर्गिसचे कांदे दिले. नर्गिस म्हणजे हातभर हिरवी पाती, मधून एक दांडा, दांड्यावर पांढऱ्या फुलांचा झुबका आणि प्रत्येक फुलात इवलीशी पिवळी वाटी. थंडीत आमच्या न्हाणीमागे ती फुलली की रस्त्यावरून जाणारा माणूस क्षणभर थांबायचा, असा वास.

चंद्रावर मात्र नर्गिसला नुसती पातीच यायची. दरवर्षी दाट, हिरवीगार पाती. फूल एकही नाही.

भागीरथी रोज कुंडीपाशी बसायची. वस्तीवरच्या घुमटाच्या काचेतून वर निळी पृथ्वी दिसे. तिकडे ती फारशी पाहत नसे. म्हणायची, "ती लांबून बघून काय करू? तिचा वास येतोय व्हय हितं?"

शाल्मली सात वर्षांची झाली तेव्हा आजीला चार पावलं चाललं तरी धाप लागू लागली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढची थंडी कठीण आहे. चंद्रावर थंडी कुठली. पण आम्ही महिने अजून पृथ्वीचेच मोजत होतो.

त्या दिवशी शाल्मलीने मला विचारलं, "आबा, खरं सांगा. याला फुलं येतात, की आजी आणि तुम्ही मला बनवता?"

मी काही बोलायच्या आत भागीरथीने ऐकलं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "एकदा वास येऊ दे गं बाई. तुला पण कळंल, मला पण."

शाल्मली तडक भाजीघरात गेली आणि ठोंब्याला घेऊन आली. ठोंब्या म्हणजे भाजीघरातला यंत्रमानव. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. पहिल्या दिवशी त्याने भागीरथीला "आपण कोणते पीक आहात?" असं विचारलं होतं, तेव्हापासून तो ठोंब्या.

"ठोंब्या, नर्गिस का फुलत नाही?"

"पाणी योग्य आहे. प्रकाश योग्य आहे. रात्रीचा गारवाही योग्य आहे," ठोंब्या म्हणाला. "बाहेरून आणखी काही कळत नाही. कांदा आतून पाहावा लागेल."

पाती पिवळी पडून वाळली होती. कांदे काढून, धुऊन, पुसून मी स्वच्छ कप्प्यात ठेवले होते. हा त्यांचा झोपेचा काळ (सुप्तावस्था). ठोंब्याने त्यातला एक उभा चिरला.

"अरं मुडद्या, माझा कांदा चिरलास?" भागीरथी ओरडली. "आता घाल फोडणीला!"

"नको, आजीबाई. नर्गिसचा कांदा विषारी असतो. खाल्ला तर उलट्या होतील."

"ह्याला चेष्टा पण कळत न्हाई."

ठोंब्याने भिंग धरलं. शाल्मली वाकून पाहू लागली. कांद्यात एकावर एक जाड पापुद्रे होते. "हा कांद्याचा शिधा," ठोंब्याने सांगितलं. "हिरवी पाती उन्हातून अन्न बनवतात आणि या पापुद्र्यांत साठवतात. म्हणून फुलं गेली तरी पाती कापायची नसतात. आता अगदी मध्ये पाहा. टाचणीच्या टोकाएवढा कोंब दिसतो?"

"दिसतो."

"पुढच्या वर्षीचं फूल कांदा झोपेत असतानाच इथे तयार होतं. या कोंबाला ठरवायचं असतं, नुसती पाती करायची की फूलही करायचं. याने अजून फूल धरलेलं नाही. शिधा तर भरपूर आहे. म्हणजे फूल धरायला याला कुणीतरी खूण द्यायला हवी. ती खूण कोणती, हे मला माहीत नाही."

शाल्मली आजीकडे वळली. "आजी, आपल्या घरी कांदे झोपायचे कुठे?"

"कुठं म्हंजे? न्हाणीतल्या चुलीवर शिंकं (दोरीची टांगती जाळी) होतं, त्यात. खाली ठेवले तर उंदीर वढून न्यायचे."

"मग इथे शिंकं का नाही?"

"हितं उंदीर कुठायत?" मी म्हणालो. आणि हसलो. चंद्रावर उंदीर नव्हते, म्हणून मी शिंकं बांधलं नव्हतं. उलट सगळ्यात स्वच्छ कप्पा निवडला, याचंच मला कौतुक होतं.

"त्या शिंक्यात आणखी काय असायचं?"

"केळी," भागीरथी म्हणाली. "कच्च्या केळीची फणी टांगायची. चुलीच्या धुरानं भराभर पिकायची."

"धूर म्हणजे काय?"

चंद्रावर जन्मलेल्या पोरीने धूर पाहिलाच नव्हता. भागीरथीने हवेत हात फिरवला, डोळे चोळून दाखवले, खोटं खोटं खोकून दाखवलं. शाल्मलीला ते सगळं फारच आवडलं.

ठोंब्या मात्र अजून केळ्यांचाच विचार करत होता. मग म्हणाला, "लाकडाच्या धुरात थोडा इथिलीन (फळं पिकवणारा, रंग नसलेला वायू) असतो. धुराने केळी पिकतात ती त्याच्यामुळे."

शाल्मलीने चिरलेला कांदा उचलला. "केळी आणि नर्गिस एकाच शिंक्यात होते. केळ्यांना तो वायू मिळाला, तर नर्गिसलाही मिळाला. हीच ती खूण असेल?"

"असू शकते," ठोंब्या जुन्या नोंदी धुंडाळून म्हणाला. "या जातीच्या नर्गिसच्या झोपलेल्या कांद्यांना धूर दिला, तर जास्त कांदे फुलं धरतात, असं पृथ्वीवरच्या शेतकऱ्यांनी पाहिलं आहे. कारण काय असेल, याचा एक अंदाज आहे. उन्हाळ्यात डोंगरावर वणवा लागला की वरचं गवत जळून जातं. जमिनीखालच्या कांद्याला धुरावरून कळत असेल की वर आता मोकळी जागा आहे, ऊन मिळेल, फुलून घ्यावं."

"आणि इथे धूरच नाही!"

"धूर नाही, आणि तो वायूही नाही. भाज्या लवकर पिवळ्या पडू नयेत म्हणून हवेतून तो काढून टाकतात."

हवा शुद्ध करायचं ते काम वैजूकडे होतं. संध्याकाळी ती घरी आली तशी शाल्मली तिला जाऊन बिलगली. "आई, मला थोडा धूर करू दे."

"काय?" वैजूने डबा खाली ठेवला. "अगं, इथे काडी ओढली तर सगळ्या वस्तीचे दरवाजे आपोआप बंद होतात. माणसं मुखवटे घालून पळत सुटतील. धूर नाही म्हणजे नाही."

"पण आजीसाठी..."

वैजूने आईकडे पाहिलं आणि मान फिरवली. "माझ्याच्याने नाही होणार गं," ती हळू म्हणाली.

शाल्मली रुसून जेवायला बसली. ताटात भाजीघरातलं केळं होतं, साल काळी पडायला आलेलं. ती ते नुसतंच हातात फिरवत बसली. एकदम तिने कोपऱ्यात उभ्या ठोंब्याला विचारलं, "धुराशिवाय तो वायू कुठे मिळतो?"

"तुझ्या हातात आहे. पिकणारं केळं स्वतःच तो वायू सोडतं. म्हणून एक पिकलं केळं शेजारच्या कच्च्या केळ्यांनाही पिकवतं."

भागीरथी खूप दिवसांनी खळखळून हसली. "आवो, ऐकलंत का? चूल न्हाई तर न्हाई, शिंकं तर बांधा!"

मी दोरीचं शिंकं विणलं. गाठी नीट बसल्या. वायू निसटू नये म्हणून घट्ट झाकणाचा एक मोठा डबा घेतला, त्यात शिंकं टांगलं. शिंक्यात अर्धे कांदे आणि पिकलेली केळी. उरलेले अर्धे कांदे दुसऱ्या डब्यात, केळ्यांशिवाय. "दोन्ही ठेवले तरच खरं कारण कळेल," असं ठोंब्याचं म्हणणं होतं. डबे रोज उघडून वारा द्यायचा आणि जुनी केळी काढून नवी घालायची, हे काम शाल्मलीने घेतलं. पुढे कांदे कुंड्यांत लावले. मानेपर्यंत माती, वरचं टोक उघडं, पाणी बेताचं.

पाती सगळ्याच कुंड्यांत आली. भागीरथीला आता उठवत नव्हतं. शाल्मली रोज येऊन सांगायची, "आज नाही, आजी." एके दिवशी केळ्यांबरोबर झोपलेल्या कांद्याची कुंडी तिने उचलून पलंगाशी आणली. दोन पात्यांच्या मध्ये एक फुगीर, चपटी कळी होती.

फूल उमललं तेव्हा आम्ही सगळे खोलीत होतो. वैजूसुद्धा काम टाकून आली होती. शाल्मलीने आधी वास घेतला आणि ती मागे सरकली, डोळे विस्फारून. "हे असं असतं?" ती म्हणाली. मग तिने कुंडी आजीच्या तोंडाशी धरली.

भागीरथीने डोळे मिटले. मग म्हणाली, "त्योच हाय." आणि थोड्या वेळाने, "पण घरी ह्याला मागून जरा धुराचा वास यायचा."

केळ्यांच्या डब्यातल्या बहुतेक कांद्यांनी फुलं दिली. दुसऱ्या डब्यातल्या एकानेही नाही. आता वस्तीतल्या घराघरांत शिंकी टांगलेली आहेत. मंगळावर जाणाऱ्या पहिल्या मुलांबरोबर आमच्या कांद्यांची पिल्लं (बाजूला फुटलेले छोटे कांदे) जाणार आहेत. शाल्मलीने त्यांच्यासाठी शिंकं स्वतः विणलं आहे, माझ्यापेक्षा बरं.

माझी बायको भागीरथी रासकर २०७२ सालच्या माघ महिन्यात, एका सकाळी, चंद्रावर वारली. उशाच्या कुंडीत नर्गिस फुललेला होता.