बी पॉइंटवरचा गडी

हे खरं घडलंय.

ज्याला पटत नसेल त्यानं पलूसला यावं आणि वीरधवलच्या आईला विचारावं. फक्त तिच्यासमोर गेमचं नाव काढू नका. ती उठून आत निघून जाते.

मागच्या श्रावणातली गोष्ट. जागा महाबळेश्वर. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. भर दुपार होती. रात्र असती तर मीच म्हणालो असतो की झोपेत भास झाला.

मी मल्हार. मी आणि वीरधवल एका गल्लीतले. अजमल सांगलीचा, कॉलेजात आमच्याच बेंचवर बसायचा. तिघांनाही मोबाइलवरच्या बंदुकीच्या गेमचा नाद. पाच जणांची एक टीम, समोर पाच जणांची दुसरी. त्यात आपण स्वतःला दिसत नाही. पुढं धरलेली बंदूक दिसते, बस. आपल्याच डोळ्यांनी बघतोय असं वाटतं.

सांगलीला मोठी स्पर्धा होती. आमच्या टीममध्ये आम्ही तिघं, गावातला सिद्धू आणि अजमलची मामेबहीण सुमैरा. तिचे वडील, मोहिद्दीनमामू, महाबळेश्वरला एक हॉटेल सांभाळतात. पावसाळ्यात तिथं चिटपाखरू नसतं. खोल्या रिकाम्या, नेट चांगलं. मामू म्हणाले, "या पोरांनो, हितं बसून खेळा काय खेळायचं ते."

सिद्धूला ऐन वेळी ताप आला. आम्ही तिघंच गेलो.

हॉटेल दरीच्या अंगाला आहे. भिंतींना बाहेरून निळं प्लास्टिक बांधलेलं. आत ओल्या गाद्यांचा वास. जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं जोडून आम्ही चौघं बसलो आणि कराडच्या एका ओळखीच्या टीमशी सराव सुरू केला.

पहिला प्रकार सोपा. समोरच्यांना मारायचं, जास्त मारले तो जिंकला. तो आम्ही चौघं असून जिंकलो.

दुसरा बॉम्बचा. एकानं लावायचा, दुसऱ्यानं निकामी करायचा. एकदा मेलं की तो डाव संपेपर्यंत गप बसून बघायचं. तोही कसाबसा जमला.

अडलं ते तिसऱ्यात. डॉमिनेशन.

यात मैदानात तीन जागा असतात. ए, बी आणि सी. जागेवर जाऊन उभं राहायचं, मग तिथला झेंडा आपल्या रंगाचा होतो. जितका वेळ जागा आपल्याकडं, तितके गुण वाढतात. किती मारले याला काडीची किंमत नाही. जागा सोडली की गेली.

आणि आमच्यात जागेवर थांबणारा कोणी नव्हता.

वीरधवल तर अजिबात नाही. भरतीची तयारी करणारा पोरगा, पहाटे उठून कारखान्याच्या रस्त्यानं पळणारा. गेममध्येही तो पळतच असायचा.

"वीर, बी सोडू नगंस," मी ओरडायचो.

"नुसतं उभं ऱ्हाऊन काय मिळतंय रं? मला न्हाई जमत," तो म्हणायचा आणि पुढं पळायचा.

हरलो. परत हरलो. सुमैरा वैतागली. "सिद्धू असता तर बी वर थांबला असता," ती म्हणाली.

जेवणाआधी अजून एक डाव खेळायचा ठरला.

अजमल ए वर गेला. सुमैरा सी वर. मी आणि वीर शत्रूच्या मागं लागलो. मध्येच मी पडद्याच्या वरच्या कडेला पाहिलं...

बी चा झेंडा निळा होता. आमचा रंग.

"बी वर कोण हाय?" मी विचारलं.

"मी सी वर हाय," सुमैरा म्हणाली.

"मी ए सोडलेलं न्हाई," अजमल म्हणाला.

वीर माझ्या पुढंच पळत होता.

आम्हाला वाटलं, गेमचा काहीतरी घोळ असणार. कराडची पोरं बी वर चालून जायची आणि तिथं मरून पडायची. कोणी मारलं ते पडद्यावर येतं. मारणाऱ्याचं नाव आणि मेलेल्याचं नाव. इथं फक्त मेलेल्याचं यायचं. अलीकडची जागा... कोरी.

आम्ही जिंकलो. खरं सांगतो, भीती वाटली नाही. आनंदच झाला. फुकटात पाचवा मिळाला होता.

लगेच पुढचा डाव लावला. परत तेच. झेंडा निळा, आणि बी वर आमच्यापैकी कोणी नाही.

मी मुद्दाम बी कडं गेलो. पडकी भिंत, वाळूची पोती, मध्ये झेंडा. माणूस नाही. मी थांबलो. बंदूक खाली केली.

हेडफोनमध्ये आवाज आला...

कोणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. बुटाखाली ओली खडी कुरकुरली.

तो गेममधला नकाशा वाळवंटाचा होता. तिथं ओलं काहीच नव्हतं.

मग पाऊस ऐकू यायला लागला. मला वाटलं, बाहेरचा असेल. मी हेडफोन काढला...

बाहेर पाऊस थांबला होता. पागोळ्यासुद्धा गळत नव्हत्या. खिडकीबाहेर नुसतं पांढरं धुकं.

हेडफोन परत कानाला लावला. आत पाऊस पडतच होता.

डाव संपला तसा अजमलनं कराडच्या पोराला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"गड्या, तुमी आज चौघंच हाय म्हनला हुतास," तो पोरगा म्हणाला. "मग बी वरचा कोण?"

"तुला दिसतोय तो?" अजमलनं विचारलं.

"दिसतोय म्हंजी? समोरच उभा हाय की. हलतच न्हाई. आनि त्याच्या हातात बंदूक न्हाई. नुसती काठी हाय."

अजमलनं फोन ठेवला.

सुमैरा म्हणाली, "बास झालं. जेवायला चला."

"ह्यो चालू झालाय तेवढा डाव हुं दे," वीर म्हणाला. पुढचा डाव आपोआप सुरू झाला होता. आम्ही परत हेडफोन लावले.

तेव्हा तो बोलला.

वयस्कर आवाज. आमच्याच भागातला. दमलेला...

"माझ्या बदली कोन येतंय का रं?"

चौघांनीही ऐकलं. सुमैरानं माझा दंड धरला. अजमल पुटपुटायला लागला.

"पाय गेलं उभं ऱ्हाऊन. माझ्या बदली येतंय का कोन?"

वीरधवल हसला. त्याला वाटलं, कराडच्या पोरांची चेष्टा आहे. माईक तोंडाशी धरून तो म्हणाला, "येतो की. मी उभा ऱ्हातो हितं. तुमी जावा आता."

हेडफोनमधला पाऊस थांबला.

मग पावलं. जड, सावकाश. लांब जाणारी...

वीरनं त्याचा गडी बी वर नेला आणि थांबवला. आणि नंतर हलवलाच नाही. समोरून गोळ्या येत होत्या तरी नाही. मी त्याच्याकडं पाहिलं. तो पडद्याकडं बघत नव्हता. खिडकीकडं बघत होता.

"वीर, चल जेवायला."

"तुमी व्हा पुढं. मी आलोच."

स्वयंपाकघर मागच्या अंगाला आहे. आम्ही मामूंना बोलवायला आधी त्यांच्या खोलीत गेलो. तिथं दोन गोष्टी बोलण्यात वेळ गेला. परत हॉलमध्ये आलो तर वीरची खुर्ची रिकामी. मोबाइल टेबलावर. चपला टेबलाखाली.

पडद्यावर त्याचा गडी अजून बी वर उभा होता.

हाका मारल्या. उत्तर नाही. खोल्या बघितल्या, गच्ची बघितली. मामू म्हणाले, "दरीकडं बघा आधी."

धुक्यात हातभर लांबचं दिसत नव्हतं. हॉटेलच्या मागं कठडा आहे, आणि कठड्याच्या पलीकडं थोडी सपाट जागा. त्यानंतर काही नाही. नुसती दरी.

तो तिथं उभा होता. कडेला. अनवाणी, ताठ, दरीकडं तोंड करून.

"वीर, मागं ये," मी हळूच म्हणालो.

"जागा सोडता येत न्हाई," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता. पण तो माझ्याशी बोलत नव्हता. कुणीही विचारलं असतं तरी हेच म्हणाला असता, असा.

"वीर, ऐक की रं. आमी आलोय न्हवं..."

मामूंनी माझ्या तोंडावर हात दाबला. जोरात.

"आलोय म्हनू नगंस," ते कानाशी म्हणाले. "कुणीबी काय बोलू नका. नुसतं वडा त्याला."

मी, अजमल आणि मामू, आम्ही तिघांनी त्याला कमरेला धरून ओढलं. गडी अंगानं बारीक. पण हलेना. पाय जमिनीत रुजल्यासारखे. मामूंच्या कपाळावरची शीर फुगली होती. शेवटी एकदाचा तो निघाला आणि आम्ही सगळे कठड्यावर आपटलो.

मग मी खाली बघितलं...

लाल चिखलात वीरच्या अनवाणी पायाचे ठसे होते. त्यांच्या शेजारी बुटांचे. खोल. कोणीतरी तिथं फार वेळ उभं राहिलं असावं, इतके खोल.

बुटांचे ठसे दरीकडं गेले नव्हते. हॉटेलकडं गेले होते. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.

आत सुमैराची आई, आबेदामामी, चुलीपुढं पाठमोऱ्या बसल्या होत्या. आमची चाहूल लागली तशा त्या न वळताच म्हणाल्या, "आता आलात व्हय? तुमचा वीरधवल कवाच जेवून गेला."

"तुमी बघितलं त्याला?" मामूंनी विचारलं.

"मागनं येऊन बसला. मी भाकरी थापत हुते. श्रावण पाळतो म्हनून त्याच्यापुरती आमटी केलेली, ती वाढली. वर बघितलं न्हाई. लय भुकेला हुता पोरगा. बोलला बी न्हाई."

ताट जमिनीवर होतं. चाटून पुसून साफ. पाटाभोवती पाणी साचलं होतं.

वीरधवल माझ्या खांद्यावर होता. तो सकाळपासून जेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली उतरलो. निघताना मी मामूंना विचारलं, "हितं पयलं कोन हुतं? वॉचमन? कोन मेलं हुतं का?"

"न्हाई बाळा," मामू म्हणाले. "माझं निम्मं आयुष्य हितं गेलं. कोन न्हवतं. कोन मेलं न्हाई."

"मग आलोय म्हनू नगंस असं का म्हनला?"

त्यांनी कठड्याकडं बघितलं. "म्हाईत न्हाई," म्हणाले. "तोंडातनं आलं."

स्पर्धेला आम्ही गेलो नाही. गेम सगळ्यांनी काढून टाकला.

वीरधवलला त्या दुपारचं काही आठवत नाही. बोलतो नीट. कामाला हात लावतो. पण बसत नाही. जेवतो उभ्यानं. दुपार झाली की उसाच्या बांधावर जाऊन उभा राहतो, अंधार पडेपर्यंत. भरतीचा फॉर्म भरायचा म्हटलं तर म्हणतो, हितनं कसं जाऊ? सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. आई रोज बांधावर त्याला पाणी नेऊन देते.

परवा मी गेलो होतो. तो पाठमोरा उभा होता. पायाला सूज आलेली लांबूनही दिसत होती. मी काही बोललो नाही. तरी त्याला कळलं.

"मल्हार," तो म्हणाला, मागं न बघता. "पाय लय दुखायला लागल्यात रं."

यावर काय म्हणायचं ते मला माहीत आहे. एकच वाक्य आहे. ते म्हटलं तर तो घरी जाईल, आईच्या शेजारी बसून जेवेल. लहानपणापासूनचा दोस्त आहे माझा.

माझ्या ओठावर आलं होतं.

मी तसाच मागं फिरलो. बांधावरून रस्त्याला लागेपर्यंत तोंड घट्ट मिटून धरलं होतं.