सतरावा सेकंद

विश्वास ठेवा म्हणून मी तुमच्या पाया पडणार नाही. पण जे सांगतेय ते माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. आणि त्यातलं थोडं... माझ्याच हातून.

७ डिसेंबर १८८२. पहाटे साडेचारची वेळ. आल्बरी गावाच्या उत्तरेला, आमच्या कुरणामागची टेकडी.

मी हॅरिएट थर्लो. माझा नवरा एडविन सरकारी मोजणीदार होता. दिवसा जमिनी मोजायचा, रात्री तारे.

त्याला एकच जिवलग मित्र होता. गॉटफ्रीड लिंडनर. बाजारपेठेतला जर्मन घड्याळजी. दर शनिवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा, येताना स्वतःच्या वेलीवरच्या द्राक्षांची वाईन घेऊन. मग दोघांची जुंपायची.

"मोजणीदार, तुझ्या हद्दीचे खुंट जसे वाकडे, तसाच तुझ्या दुर्बिणीतला गुरू ग्रहही वाकडा दिसतो."

"घड्याळजी, तू बोलू नकोस. तुझ्या दुकानात दहा घड्याळं, आणि दहांत दहा वेगळ्या वेळा!"

"ती गिऱ्हाइकांची आहेत रे. माझं एकच. आणि ते बरोबर आहे."

खरंच बरोबर असायचं. सगळं गाव लिंडनरच्या घड्याळावर चालायचं.

१८७४ च्या डिसेंबरात शुक्र सूर्याच्या समोरून जाणार होता. सूर्याच्या तेजावर एक काळा ठिपका, चार तासांचा खेळ. तो ठिपका सूर्यबिंबाच्या आत पुरता शिरतो तो सेकंद अचूक टिपायचा, आणि सिडनीच्या विद्वानांना कळवायचा. त्यावरून सूर्य किती दूर आहे ते काढणार होते. हा योग दोनदाच, आठ वर्षांच्या अंतराने. मग थेट शंभराहून जास्त वर्षांनंतर.

टेकडीवर दोन दुर्बिणी मांडल्या. मध्ये मी, मांडीवर घड्याळाची पेटी घेऊन. मी मोठ्याने सेकंद मोजायचे आणि त्यांनी आपापल्या वहीत टिपायचे.

भर दुपार. अंगाची लाही होत होती. ऐन वेळी एडविनच्या डोळ्यात घाम उतरला.

"गेला!" तो ओरडला. "हॅरिएट, माझा सेकंद गेला!"

लिंडनरने सतरावा सेकंद टिपला होता. तो उठला, एडविनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असू दे रे. आठ वर्षांनी पुन्हा आहेच की."

त्याच संध्याकाळी एडविनने आपल्या कागदावर लिहिलं... सतरा.

महिनाभराने सिडनीच्या वर्तमानपत्रात एडविनचं कौतुक छापून आलं. लिंडनर तो अंक घेऊन घरी आला. रागावलेला नव्हता. गोंधळलेला होता.

"एडविन, तुझा तर हुकला होता. हे मागे घे. मी कोणाला काही बोलणार नाही."

एडविनने मागे घेतलं नाही. उलट सिडनीला लिहून टाकलं, की लिंडनरनेच माझ्या वहीतून आकडा चोरला. साक्षीदार कोण? सेकंद मोजणारी माझी बायको.

कागद माझ्यासमोर आला.

मी सही केली.

नवऱ्याची अब्रू, पोरीचं भवितव्य, काय काय कारणं मी स्वतःला सांगितली. आज त्यातलं एकही धड आठवत नाही.

लिंडनरचं नाव चोर म्हणून छापून आलं. जो सेकंद चोरतो, त्याच्याकडे घड्याळ कोण देणार? दुकान ओस पडलं. एकदा मी समोरून जाताना तो दारात उभा होता.

"मिसेस थर्लो," तो म्हणाला, "तुम्ही फार छान मोजता. एकही सेकंद चुकला नाही तुमचा. तुम्हाला सगळं माहीत आहे."

बस, एवढंच. मी मान खाली घालून पुढे गेले.

१८७९ च्या हिवाळ्यात तो दुकानातल्या टेबलावर डोकं टेकून मेला. तीन दिवस कोणाला पत्ता नव्हता.

आणि मग ती ब्याऐंशीची पहाट उजाडली.

या वेळी सूर्य उगवताना शुक्र आधीच त्याच्यावर असणार होता. तासाभरात खेळ संपणार होता. तो बाहेर पडतानाचा सेकंद टिपायचा होता. एडविनकडे आता मोठी दुर्बीण होती, सिडनीहून मानाने पाठवलेली.

आम्ही दोघंच टेकडीवर गेलो.

पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती म्हणजे... पाखरं.

आमच्याकडे मॅगपाय पहाटे नुसता कालवा करतात. त्या दिवशी एकही नाही. गवतावर किडासुद्धा बोलत नव्हता.

एडविनने दुर्बीण उभी केली आणि थबकला. शेजारच्या ओल्या गवतात... तीन खोलगट खुणा होत्या. ताज्या. दुर्बिणीच्या तिवईचे पाय रुतावेत तशा. लिंडनरची दुर्बीण जिथे असायची, नेमक्या तिथेच.

"गुरांचे खूर असतील," एडविन म्हणाला.

"तीन पायांचं जनावर कुठलं रे, एडविन?"

त्याने दुर्बिणीला काळी काच लावली. ती नसली तर सूर्य डोळा जाळून टाकतो. काच घट्ट बसवलेली मी स्वतः पाहिली. दोनदा.

उजाडलं, पण सूर्य दिसेना. पूर्वेला राखेसारखे ढग. नंतर कळलं, आमच्या भागात त्या दिवशी कोणालाच काही दिसलं नाही.

"चल, घरी जाऊ," मी म्हटलं. "चहा तरी गरम मिळेल."

एडविन डोळा लावून बसला होता.

"दिसतोय," तो हळूच म्हणाला.

"काय दिसतंय? सगळं झाकोळलंय."

"स्वच्छ दिसतोय, हॅरिएट! काठाला आलाय. मोज. लवकर मोज!"

मी वर पाहिलं. ढगच ढग.

तरीही मी पेटी मांडीवर घेतली आणि मोजायला लागले. एक. दोन. तीन.

सातव्या सेकंदाला जाणवलं... आणखी कोणीतरी मोजतंय.

हलका, पुरुषी आवाज. आकडे जर्मन होते. बाजारात जर्मन द्राक्षवाल्यांच्या तोंडी ऐकलेले, म्हणून तेवढं ओळखलं. आवाज माझ्या अगदी जवळून येत होता. उजवीकडून म्हणावं, तर तिथे कोणी नव्हतं. डावीकडेही नाही.

मी गप्प झाले. आवाज गप्प झाला नाही.

खाली पाहिलं. मांडीवरचं घड्याळ... बंद पडलं होतं.

"कोण आहे?" एडविन ओरडला. "हॅरिएट, कोण मोजतंय?"

"एडविन, ऊठ! सोड ते!"

"उठता येत नाही गं... मान हलत नाही माझी!"

त्यानंतरचं मला आठवत नाही.

आठवतो तो एकदम पडलेला लख्ख उजेड. ढग फाटले होते. थोडेसेच, सूर्य मावेल एवढे. आणि एडविनची किंकाळी. मी आयुष्यात तशी किंकाळी ऐकलेली नाही.

ढग पुन्हा मिटले.

तो जमिनीवर लोळत होता, उजवा डोळा तळहातांनी दाबून. मी त्याच्याजवळ उभी होते. बारा पावलांवर बसलेली मी... त्याच्याजवळ कधी आले?

माझी मूठ आवळलेली होती. मी उघडली.

आत काळी काच होती.

मी ती लांब गवतात भिरकावली आणि सगळ्यांना सांगितलं, काच निसटून पडली. लोकांनी विश्वास ठेवला. माझ्या शब्दावर लोक नेहमीच विश्वास ठेवत आले.

उजवा डोळा त्याच क्षणी गेला होता. डावा नाताळच्या आसपास विझला. पुढची दहा वर्षं मी एडविनला भरवलं, फिरवलं, वर्तमानपत्र वाचून दाखवलं. त्या सकाळबद्दल तो चकार शब्द बोलला नाही.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. आदल्या संध्याकाळी मला जवळ बोलावलं.

"काच तू काढलीस," तो म्हणाला.

"एडविन, मला खरंच आठवत नाही..."

"माहीत आहे. म्हणून तर बोललो नाही कधी. हात तुझा होता, अंगठी लागली मला." त्याने माझ्या बोटातली अंगठी चाचपली. "पण तुझ्या तोंडून तो बोलत होता."

त्याला पुरलं आणि मी सिडनीला सगळं खरं लिहिलं. सतरावा सेकंद लिंडनरचा होता, मी खोटी सही केली होती. उत्तर आलं, फार सभ्य. कळवल्याबद्दल आभार. मात्र ती मोजमापं आता कोणी वापरत नाही, तेव्हा दुरुस्तीची गरज वाटत नाही.

ते पत्र मी लिंडनरच्या थडग्याशी नेऊन वाचलं. वाटलं होतं, आता तरी सुटेन.

माझी लेक कोरा एका जर्मन मळेवाल्याच्या घरी दिलीय. जावई कॉनराड सरळ, हसतमुख पोरगा आहे. यंदा द्राक्षांच्या तोडणीला मी त्यांच्याकडे राहायला आले. महिन्यापूर्वी मी ओट्याशी पावाचं पीठ मळत होते, तेवढ्यात तो आत आला आणि दारातच थांबला.

"आई, तुम्हाला जर्मन कधीपासून येतं?"

"मला? एक अक्षर नाही."

"मग आत्ता काय म्हणत होतात?"

मी काहीच म्हणत नव्हते. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

तो हसला नाही. खुर्ची ओढून समोर बसला. म्हणाला, "तुम्ही आकडे मोजत होतात, आई. उलटे, शून्याच्या दिशेने. तीनशेच्या घरात होतात."

तेव्हापासून तो कान देऊन असतो. कधी मी भांडी पुसताना, कधी मोजे विणताना. चार-पाच आकडे, मग गप्प. पुढच्या वेळी जिथे सोडलं तिथूनच पुढे. मला स्वतःला काहीही ऐकू येत नाही.

आज सकाळी न्याहारीला मी विचारलं, "कॉनराड, कुठवर आलेत रे?"

त्याने कोराकडे पाहिलं. कोरा उठून बाहेर निघून गेली.

"सांग की. मला कळायला नको?"

तो नुसता माझा हात धरून बसला.

कितीतरी वेळ सोडतच नव्हता.