पाणकणसांआड

रविवारी सकाळी साडेसहाला मी म्हैसूरजवळच्या हिनकलहून सायकल काढायची. जाड टायरची, पुढं शॉकॲब्सॉर्बर असलेली, डोंगरात चालवायची सायकल. डोंगरात मात्र मी ती कधी नेली नाही. बेळगोळचे कारखाने मागं पडले की डांबर संपतं आणि कालव्याच्या बांधावरची लाल मातीची वाट लागते. एका हाताला ऊस, दुसऱ्या हाताला संथ पाणी, चढ जवळजवळ नाहीच. पन्नाशीच्या गुडघ्यांना ती बरी पडते. सुरुवातीला एका ग्रुपबरोबर जायची. ते फार वेगात जात. पुढं पुढं मी एकटीच जाऊ लागले.

ज्या मुलांना बोलायला उशीर होतो, त्यांना बोलतं करणं हे माझं काम. एका खाजगी दवाखान्यात चोवीस वर्षं मी तेच करते आहे. दिवसभर कन्नड आणि थोडं इंग्रजी. मराठी घरापुरती, आईशी. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. आमच्या मराठीत 'सुम्ने' म्हणजे उगाच, 'अल्वा' म्हणजे नाही का, असे कन्नड शब्द इतके मुरलेत, की पुण्याकडच्या माणसाला हसू येतं. आई, गोदावरीबाई, दोन वर्षांपूर्वी गेली. भाऊ राघवेंद्र टोरांटोत असतो, त्याच्याशी फोनवर इंग्रजीच. आईचं सगळं आटोपल्यावर एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, आठवडाभरात माझ्या तोंडून मराठीचा एकही शब्द निघाला नव्हता. बोलणार कोणाशी?

कालव्याची वाट पुढं नारळीच्या बागेतून कावेरीकडे उतरते. तिथं दोनेकशे पावलं एका बाजूला करंजाची झाडं आहेत आणि दुसऱ्या बाजूला माणसापेक्षा उंच पाणकणसं. त्यांच्यामागं नदी असते, पण दिसत नाही. गवताचे भारे घेऊन येणाऱ्या बायका पहिल्या करंजापर्यंत मोठमोठ्यानं बोलत येत. तिथं गप्प होत. शेवटचं झाड मागं पडलं की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करत. मी हे पाहिलं होतं. त्याचा अर्थ लावायचं काही कारण नव्हतं.

जानेवारीतल्या एका रविवारी नेमकी तिथंच माझी चेन उतरली. बोटं ग्रीसनं काळी झाली, चेन बसेना. मी स्वतःशीच म्हणाले, "काय गे हे, सुम्ने त्रास."

"सुम्ने त्रास," पाणकणसांमागून कोणीतरी म्हणालं.

बाईचा आवाज होता, वयस्क, थोडा घोगरा. मी उठून उभी राहिले.

"कोण गे? मराठी येते तुम्हांस?"

"येते."

"कपडे धुताय?"

"धुताय," ती म्हणाली. मग खरंच दगडावर कपडा आपटल्याचा आवाज येऊ लागला. धप्प. धप्प.

मला इतकं हसू आलं की चेन विसरले. फौजेतली काही कुटुंबं नदीकाठच्या गावांत राहिली, असं आई सांगायची. त्यांपैकीच कोणी असेल. परक्या माणसासमोर यायला लाजत असेल. मीच बोलत राहिले, दहा मिनिटं तरी. ती मधूनमधून माझ्या वाक्याचा शेवटचा शब्द म्हणायची. कमी बोलणाऱ्या बायका असतात तशा.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम थांबले. सायकल करंजाला टेकवली आणि हाक मारली, "आहात काय?"

"आहात," आवाज आला. धप्प.

त्या दिवशी मी आईबद्दल सांगितलं. संध्याकाळी मी दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच ती विचारायची, "जेवलीस अल्वा?" दुपारचा डबा खाल्ला का, एवढंच तिला हवं असायचं. हे सांगताना मला वाटलं होतं त्याहून जास्त वाईट वाटलं. पाणकणसांमागचं धुणं थांबलं होतं. ती ऐकत होती. इतकं लक्ष देऊन माझं कोणी ऐकल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे.

तिसऱ्या रविवारी मी सायकलवरून उतरते तोच ती म्हणाली, "जेवलीस अल्वा?"

मी मातीत बसले आणि रडले. तिनं रडू दिलं. मग तास-दीड तास बोलले. हिनकलचं घर, पाण्याच्या टाकीमागचं निळं गेट, वर भाड्यानं राहणारी अनुषा, राघवेंद्रच्या मुली, आईच्या खोलीत अजून कोणी झोपत नाही, सगळं. ती विचारत होती आणि मी सांगत होते. "घर कुठं?" "दार कुठं?" "अनुषा कोण?" घरी परतताना अंग हलकं झालं होतं. त्या आठवड्यात मी भाजी निवडतानाही मराठीत बोलत होते, रविवारी तिला काय सांगायचं त्याची उजळणी करत.

चौथा रविवार असाच गेला. पाचव्या रविवारी दवाखान्याचं एक शिबिर होतं, जाता आलं नाही. सहाव्या रविवारी पोचले तेव्हा नदीवर धुकं होतं. पाणकणसांची तपकिरी बोंडं ओली होती. पक्षी ओरडत नव्हते.

"तू कुठं जाली होतीस?" ती म्हणाली.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

जाली.

असं मोठं माणूस बोलत नाही. आमच्याकडचं नाही, पुण्याचं नाही, कुठलंच नाही. दोन-अडीच वर्षांचं मूल बोलतं. 'जा' त्याला ठाऊक असतं, 'आली', 'झाली' ऐकलेलं असतं, मग ते स्वतःच 'जाली' बनवतं. ही चूक मी रोज ऐकते. ती ऐकली की मुलाच्या आईला मी सांगते, काळजी नको, भाषा आत रुजायला लागली आहे.

मी गेले रविवार एकेक करून आठवू लागले. आधी शेवटचा शब्द परत म्हणणं. मग ऐकलेलं वाक्य योग्य वेळी म्हणणं. मग दोन-दोन शब्दांचे प्रश्न. वर्षभराचा प्रवास सहा रविवारांत झाला होता. आणि त्यात मी दिला नव्हता असा एकही शब्द नव्हता.

 मी जे केलं ते सवयीनं केलं. मुलांसाठी आमची एक साधी चाचणी असते. एक खोटा शब्द सांगायचा, जो त्यांनी कधी ऐकलेला असणं शक्यच नाही, आणि त्याचं अनेकवचन विचारायचं.

"हा एक गोबा आहे," मी म्हणाले. माझा आवाज बारीक झाला होता. "आता आणखी एक आला. आता दोन…?"

धप्प. धप्प. धुणं थांबलं.

"दोन गोबे," ती म्हणाली.

मग म्हणाली, "आणखी सांग."

मी दोन्ही हातांनी पाणकणसं बाजूला केली. पात्यांनी तळहात कापले. चार पावलांवर काठ संपला.

तिथं दगड नव्हता. उभं राहायला जागा नव्हती. खाली हिरवं, खोल पाणी होतं, त्यावर धुकं.

"आणखी सांग गे."

आवाज माझ्या तोंडासमोरून आला. हातभर अंतरावरून.

मी सायकल ओढत पळाले. शेवटच्या करंजापुढं गेल्यावर सायकलवर बसले, कालव्याच्या पुलापर्यंत मागं पाहिलं नाही. पुलावर एक बाई भारा टेकवून उभी होती. नेहमी दिसणाऱ्यांपैकीच. माझ्या हातांचं रक्त बघून तिनं पाण्याची बाटली पुढं केली. मी कन्नडमध्ये विचारलं, "त्या करंजांपाशी तुम्ही सगळ्या गप्प का होता?"

"सासूनं सांगितलंय, तिथून तोंड मिटून जायचं," ती म्हणाली. "आम्ही जातो."

"का?"

"ते नाही सांगितलं." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही बोललात?"

मी होकारार्थी मान हलवली.

"किती?"

मी बाटली तिच्यापुढं धरली. तिनं ती परत घेतली नाही. भारा डोक्यावर चढवून निघून गेली.

त्यानंतर मी नदीकडे गेले नाही. सायकल जिन्याखाली उभी राहिली. दवाखान्यात एखादं मूल माझा शब्द परत म्हणालं की मला क्षणभर थांबावं लागे. बाकी सगळं सुरळीत होतं. खरं सांगायचं तर रविवार मोठे झाले होते. सकाळी जाग आली की, सांगायला आठवड्याचं काहीबाही मनात गोळा झालेलं असायचं. ते तसंच राहायचं. एकदा तर मी सायकलच्या टायरमध्ये हवा भरली, आणि मग बराच वेळ तिच्याकडे बघत पायरीवर बसून राहिले.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी दवाखान्यातून आले, तेव्हा अनुषा जिन्यावर उभी होती. ती घरूनच काम करते. चेहरा खुलला होता.

"आंटी, तुमच्या मावशी आल्यात," ती कन्नडमध्ये म्हणाली.

"मला मावशी नाही."

"मग आत्या असतील. सकाळीच आल्या. त्यांना कन्नड अजिबात येत नाही हो! तुमचीच भाषा. पण तुमचं नाव, आईंचं नाव, राघवेंद्र सरांचं नाव, सगळं सांगितलं. माझंसुद्धा." ती हसली. "कुंपणापाशी उभ्या राहून एकेका वस्तूकडे बोट दाखवत होत्या. मी कन्नड नाव सांगायचं, त्यांनी म्हणायचं. फूल, गेट, पाणी, दार. किती पटकन शिकतात! तासाभरानं आपणहून म्हणाल्या, बागिलु तेगी. दार उघड."

"दिसायला कशा आहेत?"

 अनुषाच्या कपाळावर आठी पडली. "सकाळीच तर बघितलं," ती म्हणाली. "आठवत कसं नाही?"

"अनुषा, तू दार उघडलंस?"

"तुम्ही दिलेली किल्ली होती ना माझ्याकडे. म्हातारं माणूस, उन्हात किती वेळ उभं ठेवायचं?" ती दोन पायऱ्या खाली उतरली आणि आवाज लहान केला. "पण आंटी, आल्या तेव्हा एकट्याच होत्या. आता आत दोघी बोलताहेत."

मी गेटची कडी धरून उभी राहिले. शेजारच्या घरातला कुकर शिट्टी देऊन थांबला, आणि मग मलाही ऐकू आलं. आईच्या खोलीची खिडकी उघडी होती. रात्री भाजी कसली करायची, एवढंच चाललं होतं आत, सावकाश, घाई नसल्यासारखं. दोन वर्षांनी आमच्या घरात मराठी बोललं जात होतं.

एक घोगरा आवाज विचारत होता. दुसरा उत्तरं देत होता, आणि तो माझा होता.