वरच्या फळीवरचा साखरेचा डबा

"आई, तिला सांग, साखरेचा डबा खाली ठेव म्हणावं!" धाकटी कडाडली, आणि 'ती', म्हणजे थोरली, हातभर अंतरावर निमूट चहा गाळत राहिली... दोन वर्षं या बहिणी एकमेकींशी बोलत होत्या त्या आईमार्फतच; आणि आई बिचारी थोरलीचे जुने गोलरक्षकाचे हातमोजे घालून उकळतं पातेलं उतरवता उतरवता दोन्हीकडचे निरोप, त्यांतल्या शिव्या गाळून, पोचवत असे.

"ती म्हणतेय, डबा खाली ठेव."

"तिला म्हणावं, डबा तिथंच राहील."

दोघीही देशाच्या फुटबॉल संघात गोलरक्षक. थोरली गोलात, धाकटी राखीव म्हणून बाकावर! देशाला राखायला गोल एकच, त्याला कोण काय करणार?

थोरली घरात गरीब गाय, पण मैदानावर उंच चेंडू आला की "माझा!" अशी गर्जना करायची की आपल्याच मुली दचकून बाजूला व्हायच्या. झोपेतही ती "माझा, माझा!" ओरडायची, तेव्हा शेजारीण मोठ्या आशेनं आईला विचारायची, "जमलं वाटतं हो कुठं?" जागेपणी मात्र या मुलीनं घरातल्या कशालाच कधी माझं म्हटलं नव्हतं...

भांडण झालं होतं एका शब्दावरून. घरामागच्या अंगणात हौसेनं झेप घेताना धाकटीचा उजवा खांदा निखळला, तो थोरलीच्या डोळ्यांदेखत. "ताई, बाईंना सांगितलंस तर माझी शपथ!" बाई म्हणजे संघाच्या प्रशिक्षक. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा निखळला तर हात कायमचा गेला. पण थोड्याच दिवसांत "बरा झाला!" म्हणत पोरगी सामना मागू लागली. खरं सांगावं तर संघातून नाव जाणार, गप्प बसावं तर हात जाणार! म्हणून बाईंनी विचारलं तेव्हा थोरली एवढंच म्हणाली, "अजून कच्ची आहे."

नेमकं तेच धाकटीनं दाराआडून ऐकलं.

"स्वतःची जागा जाईल म्हणून भ्यालीस! बहीण नव्हेस तू, वैरीण आहेस!"

थोरलीनं खरं कारण पोटातच ठेवलं. धाकटी अशी हट्टी, की खांदा बरा आहे हे दाखवायला तिनं तो मोडून दाखवला असता! त्यापेक्षा वैरीण झालेलं बरं. त्याच संध्याकाळी साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. धाकटी रोज तणतणत तो डाव्या हातानं काढी, आणि थोरली चोरून तिच्या उजव्या खांद्याकडे पाहत राही...

आज अंतिम सामना, थोरलीचा शेवटचा. रागाच्या भरात धाकटीनं उजवा हात सरळ वर नेला, डबा खेचला आणि ओट्यावर आदळला. चेहऱ्यावर कळेचा लवलेश नाही! तिच्या खांद्याकडे पाहता पाहता थोरलीच्या हातातली गाळणी कलली. चहा तिच्या पायावर सांडला, पण भाजल्याचंही भान तिला राहिलं नाही...

सामना बरोबरीत अडकला. जादा वेळही संपत आला. आता पेनल्टी! साऱ्या मैदानात थोरलीच्या नावाचा गजर चालला होता. तिचं अंतःकरण आक्रंदून म्हणालं, ही संध्याकाळ तरी माझी...! पण पेनल्टी ओळखण्यात धाकटीचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे तिच्याइतकं कोण जाणत होतं? चेंडू बाहेर जाऊन खेळ थांबताच ती ओठ आवळून बाकाकडे धावली.

"बाई, मला बाहेर घ्या. ती आता पिकलीय."

"वेडी आहेस का? शेवटचा सामना तुझा!"

"आज साखरेचा डबा तिनं उजव्या हातानं काढला!"

जादा वेळ हिच्या डोक्यात गेला, असं बाईंना वाटलं. बाकावरची धाकटी मात्र ताडकन उठली. डबा... उजवा हात... दोन वर्षांचा चहा!

"ताई!" दोन वर्षांत आई मध्ये नसताना उच्चारलेला तो पहिला शब्द. "हे सगळं खांद्यासाठी? मग सांगितलं का नाहीस गं?"

"ऐकलं असतंस?"

धाकटीच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा वाहू लागल्या.

"रडायचं नंतर," थोरली तिचे हातमोजे घट्ट आवळत म्हणाली. "ओल्या डोळ्यांना चेंडू दिसत नाही. जा... तुझा!"

बाईंनी एकदा दोघींकडे पाहिलं आणि बदलीचा इशारा केला.

निर्णायक पेनल्टीचा चेंडू उजव्या कोपऱ्यात, अगदी वर आला. बरोबर फळीइतक्या उंचीवर! धाकटीचा उजवा हात तिथं आधीच पोचला होता.

जल्लोषात साऱ्या मुली थोरलीला खांद्यावर घ्यायला धावल्या. पण त्यांच्यामागून अशी गर्जना आली की सगळ्या दचकून बाजूला झाल्या.

"माझी! सोडा! माझी आहे ती!"

दोघी गवतावर कोसळल्या, गळ्यात गळा घालून हमसाहमशी रडू लागल्या... कठड्याशी आलेली आई पदरानं डोळे पुसत ओरडली, "अगं, आता तरी तो डबा खाली ठेवा! दोन वर्षं मी म्हातारी स्टुलावर चढतेय!"

आज प्रथमच हा निरोप कुणामार्फत न जाता दोघींना एकदम पोचला.