चौदा नंबरची तक्रार

चौदा नंबरच्या शिलाई मशीनने पुन्हा तक्रार केली, आणि वैजयंता क्षीरसागरने पुन्हा स्वतःलाच दोष दिला.

सोलापूरच्या त्या गणवेशाच्या कारखान्यात आता प्रत्येक मशीनवर साबणाच्या वडीएवढी एक पेटी बसणार होती. बायांनी तिचं नाव आधीच ठेवून टाकलं होतं : कानपेटी. आत लिनक्सवर चालणारा चिमुकला संगणक, मशीनची थरथर टिपणारा संवेदक, आणि वर दोन ओळी मावतील एवढा पडदा. धडधाकट मशीन कसं थरथरतं हे पेटीला शिकवलेलं. त्यात जरा फरक पडला, की कोणता भाग दगा देणार हे ती कित्येक आठवडे आधी सांगायची.

वैजयंताचं काम पेटीसाठी नमुन्याचं मेमरी कार्ड तयार करायचं. त्यात प्रणाली भरायची, पेटीसोबत आलेला मूळ पासवर्ड बदलायचा, घड्याळ जुळवायचं, आणि वीज गेली तरी कार्ड बिघडू नये म्हणून शेवटी त्यावर लिहायलाच बंदी करून टाकायची. मग त्याच्या नकला सगळ्या मशीनांवर. नमुन्यात एक चूक राहिली, की ती सगळीकडे जाणार. म्हणून ती आधी चार-दोन मशीनांवर पारखून बघत होती.

चौदा नंबर म्हणत होतं, ‘बेअरिंग झिजले’. तिने लॅपटॉपची वायर पेटीत खुपसली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर गेल्या. चूक कुठेच नाही. पेटी बदलली. तेच. मेकॅनिकने कुरकुरत बेअरिंगही बदललं. तरी तेच.

“काढा ते मशीन लाइनवरनं,” प्रॉडक्शन मॅनेजर बिराजदार म्हणाले. “संध्याकाळपर्यंत नमुना द्या. आणि मशीनची तक्रार थेट माझ्या टेबलावर आली पाहिजे. मधे कोण नको.”

चौदावर अंबक्का श्रीमल बसायची. निम्म्या शहरातल्या पोरांच्या गणवेशाच्या कॉलरी तिच्या हातच्या. “मशीन बरंय माझं,” रिकाम्या नऊ नंबरवर जाऊन बसत ती म्हणाली. “तुमच्या पेटीचेच कान कुणी फुंकलेत बघा, इंजिनिअरबाई.”

मशीन हलवण्याआधी खात्री करायला वैजयंताने चौदावर दुसरी बाई बसवली. पेटी गप्प झाली. आणि इतका वेळ शहाण्यासारखी गप्प असलेली नऊची पेटी बोलली : ‘बेअरिंग झिजले’.

वैजयंताने थरथरीचा आलेख मोठा करून पाहिला. सेकंदाला पाचेक हिसके, बारीक, एकसारखे. मशीनमधला कुठलाच भाग या चालीने फिरत नव्हता. ती वाकून टेबलाखाली बघू लागली. शिलाई थांबली होती, कापड थांबलं होतं, पेडलवरचा अंबक्काचा अनवाणी पाय मात्र थांबला नव्हता.

पेटीला फक्त मशीनचे आजार शिकवलेले. माणसाचा आला, तर तिने आपलं जवळचं नाव देऊन टाकलं.

चहाच्या सुट्टीत बाया बाहेर गेल्यावर वैजयंताने हळूच विचारलं, “अंबक्का, पाय कधीपासून?”

“कसला पाय?” तिने तो झटकन साडीत ओढला. मग हसली. “बघितलंस होय? मला वाटायचं, मशीन म्हातारं झालंय. तेल घाल, तेल घाल म्हणून मेकॅनिकला वैताग आणला.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“काय सांगू त्याला, बेअरिंग गेलंय म्हणून?”

दोघी हसल्या. हसू आधी वैजयंताचं ओसरलं. “कशामुळे ते पेटीला कळत नाही, मलाही नाही. पण दाखवाच. लवकर कळलेलं बरं असतं.”

“आणि बिराजदारला कळलं की? मशीन काढा म्हणतोय तो. मला काय पूजेला ठेवणार?”

“पेटीला एवढ्यापुरतं बहिरं करता येईल. एक आकडा बदलायचा. कुणालाच कळणार नाही.”

अंबक्का विचारात पडली. “मग उद्या पलीकडच्या मशीनवरच्या त्या शबानाचा पाय असा झाला तर? तीही तेलच घालत बसणार की.” पाय साडीतून बाहेर काढत ती म्हणाली, “सांगू दे पेटीला. पण मला. साहेबाला कशाला? पाय माझाय.”

वैजयंताने फाइल उघडली. साहेबांना मशीनच्या तक्रारी हव्या होत्या. त्या सगळ्या त्यांच्या टेबलावर जाणार होत्या. ही मशीनची नव्हतीच. या चालीच्या थरथरीला तिने मशीनच्या आजारांच्या यादीतून वेगळं काढलं. ती कुठे पाठवायची नाही, साठवायची नाही. फक्त पेटीवरच्या पडद्यावर, समोर बसलेल्या बाईपुरती दाखवायची. शब्द जुळवायला मात्र वेळ गेला.

“वाच बघू,” अंबक्का म्हणाली.

“‘ही थरथर मशीनची नाही. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.’”

अंबक्काने ते पुन्हा वाचायला लावलं. दारातून बाया परत येत होत्या, कुणीतरी कुणाच्या तरी सुनेची नक्कल करत होतं, आणि मागून बिराजदार ओरडत होते, “झालं का हो, कार्ड द्या!” आता फक्त लिहायला बंदी करणारी शेवटची आज्ञा राहिली होती. वैजयंताने ती टाइप केली; एंटर दाबलं की कार्डात काही बदलता येणार नव्हतं.

“थांब गं,” अंबक्का तिच्या हातावर हात ठेवत म्हणाली. तो हात स्थिर होता. “मला तू विचारून सांगितलंस, पेटी न विचारताच सांगेल. ह्यांच्यातल्या एखादीला हे कळायलाच नको असेल, तर ती कुणाला सांगणार?”